घरी बसतो, मग क्लासमध्ये का नाही बसत?

कुत्र्यांच्या ग्रुप क्लासला पहिल्यांदा आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हेच असतं, "अहो घरी एकदम बरोबर करतो हा, इथे आल्यावर काय झालंय कोण जाणे." आणि ते खरंच बोलत असतात. किचनमध्ये डब्याचं झाकण वाजलं की टुणकन बसणारा लॅब्रॅडॉर क्लबच्या हॉलमध्ये चारदा "बस, बस" म्हटलं तरी ढिम्म हलत नाही, कारण तो शिकताना फक्त शब्द शिकलेला नसतो, किचनची फरशी, तुमची उभं राहायची पद्धत, हातातला डबा, आजूबाजूला दुसरं कुत्रं नसणं, हे सगळं मिळून त्याच्यासाठी 'बस' झालेलं असतं. जागा बदलली की त्यातलं अर्धं गायब. म्हणजे हट्टीपणा नाहीये तो, शिकणं अजून पूर्ण झालेलं नाहीये एवढंच. एका जागी शिकलेली गोष्ट दुसरीकडे वापरता येणं हे वेगळं शिकवावं लागतं, आपोआप होत नाही.

म्हणून मला क्लबमधला क्लास, जिथे मालक स्वतः आपल्या कुत्र्याला घेऊन येतात, इतका महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे शहरांमध्ये बहुतेक वेळा ट्रेनर घरी येतो, कुत्र्याला खाली घेऊन जातो, अर्ध्या तासाने परत आणून सोडतो आणि महिन्याचे पैसे घेतो. कुत्रा त्या माणसाचं छान ऐकायला लागतो, घरच्यांचं नाही. ब्रिटनमध्ये गावोगावच्या कम्युनिटी हॉलमध्ये क्लब चालतात, तिथल्या केनेल क्लब या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ साली 'गुड सिटिझन' नावाची योजना सुरू केली, तिच्यात पपी, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. त्यात करामती नाहीत, गेटमधून धक्काबुक्की न करता जाणं, कोणी कान-दात तपासले तर शांत राहणं, सांगितलेल्या जागी थांबणं असल्या रोजच्या गोष्टी आहेत, आणि मालकाने शी उचलायची पिशवी आणली आहे का हेसुद्धा बघतात. आणि कुत्र्याला हाताळतो तो कायम मालकच, ट्रेनर नाही.

आता अशा क्लासमध्ये वापरतात त्या क्लिकरबद्दल. टक् असा आवाज करणारी छोटी डबी, आवाज झाला की लगेच चिकनचा तुकडा, आणि नवीन माणसाला वाटतं की आवाजाची काय गरज, सरळ खाऊच द्या ना. पण सगळं विज्ञान त्या टक् मध्येच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी १९४३ मध्ये मिनियापोलिस शहरातल्या एका पिठाच्या गिरणीत वरच्या मजल्यावर कबुतरांवर काम करत होते, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की हवी ती कृती पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही, तिच्या जवळ जाणारी प्रत्येक छोटी हालचाल त्या क्षणी टिपून बक्षीस दिलं तर प्राणी फार पटकन शिकतो. अडचण अशी की खाऊ हातातून तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो. कुत्रा बसला, तुम्ही खिशात हात घातला, पिशवी अडकली, तेवढ्यात तो उठला, शेजारच्या पगला हुंगलं आणि आता त्याला तुकडा मिळाला. तुमच्या मते बसण्याचं बक्षीस, त्याच्या मते हुंगण्याचं. क्लिक हा उशीर भरून काढतो, 'हे, आत्ता केलंस ते' असं अचूक सांगतो. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने ही युक्ती कितीतरी जातींच्या प्राण्यांवर वापरली, पुढे कॅरन प्रायर या प्राणी-प्रशिक्षक बाईंनी हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीवर शिकवलं आणि १९९०च्या दशकात क्लिकर कुत्रेवाल्यांमध्ये पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मेंदूत काय होतं ते वुल्फ्रम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांमध्ये मोजलं. आधी ज्यूसचा थेंब मिळाला की डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशी पेटायच्या. मग ज्यूसच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला लागले तेव्हा पेशी ज्यूसला नाही, त्या खुणेलाच पेटायला लागल्या, आणि खूण दाखवून ज्यूस दिला नाही तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमकं तेव्हा त्या मंदावल्या. म्हणजे मेंदू बक्षिसापेक्षा अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक मोजत बसतो. म्हणूनच क्लासमध्ये सांगतात की चुकून क्लिक झालं तरी खाऊ द्याच, नाहीतर त्या आवाजाची किंमत उतरते. आणि "बस बस बस बस" असं बडबडत राहिलं की त्या शब्दामागे काहीच येत नाही, मग तो शब्द कुत्र्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो.

हॉलमध्ये एखादं कुत्रं बाकीच्यांना बघून भुंकत सुटतं, तेव्हा चांगली ट्रेनर त्याला ओरडत नाही, लांबच्या कोपऱ्यात नेते, कधी मध्ये एक पडदा उभा करते. अंतर वाढलं की ताण उतरतो, आणि ताण उतरल्याशिवाय शिकणं होत नाही. घरी ज्या चिकनसाठी जीव टाकतो तेच इथे तोंडात घेत नसेल तर तो घाबरलाय हे सरळ समजावं. मग दुसरं कुत्रं दिसलं की लगेच खाऊ, दिसायचं थांबलं की खाऊ बंद, हे पावलोव्हच्या लाळेच्या प्रयोगाचंच तत्त्व आहे, खाण्याआधी दरवेळी एक खूण आली की कुत्र्याला नुसत्या खुणेनेच लाळ सुटायला लागते. इथे खूप लोक अडतात, "घाबरल्यावर खायला दिलं तर भीतीला बक्षीस नाही का मिळणार?" नाही मिळणार. भीती ही कृती नाहीये, भावना आहे, तो काही खाऊ मिळावा म्हणून ठरवून घाबरत नसतो, उलट ज्याची भीती वाटते त्याच्याबरोबर चांगलं काही येत राहिलं तर ती हळूहळू कमी होते.

झटका देणारी चोक चेन, पाठीत बुक्की, हे चालतं असं वाटतं कारण कुत्रा थांबतो. पण गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती तशीच राहते, आणि मग एक दिवस इशारा न देता चावू शकतो. पोर्तुगालमध्ये सात ट्रेनिंग स्कूलमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षा वापरणाऱ्या स्कूलमधले कुत्रे क्लासमध्ये जास्त ओठ चाटत होते, जांभया देत होते, ट्रेनिंगनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त वाढलेलं होतं, आणि जिथे शिक्षा सगळ्यात जास्त तिथले कुत्रे आत खाऊ असेल की नसेल अशा वाडग्याकडेसुद्धा बिचकत, सावकाश जात होते. क्लास संपल्यावरही ते ओझं त्यांच्याबरोबर होतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. आणि 'अल्फा, म्हणजे कळपाचा दादा बना, कुत्र्याला दाबून ठेवा' हा सल्ला मुळात बंदिस्त, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आलाय, जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय, त्यांनी स्वतः आधी ती अल्फाची कल्पना पसरवली होती तरीही.

बक्षीस म्हणजे फक्त खाऊ असंही नाही. आयसर कोलकाता या विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलं, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, पुन्हा पुन्हा भेटल्यावर नुसतं खायला मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा डोक्यावरून हात फिरवून घेतलेल्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास जास्त वाढला. काय आवडतं ते कुत्रा ठरवतो. एखाद्याला पनीर, एखाद्याला बॉल, आणि एखाद्या इंडीला, म्हणजे आपल्या देशी कुत्र्याला, झाडाचं खोड हुंगायला सोडणं हेच सगळ्यात मोठं.

क्लास शोधत असाल तर एक लक्षात ठेवा, कुत्र्यांचा ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलं लायसन्स लागत नाही. त्यामुळे आधी कुत्र्याला घरी ठेवून एकदा नुसते बघायला जा, बघू देत नसतील तर दुसरा क्लब शोधा. तिथल्या कुत्र्यांच्या शेपट्या बघा, कोणी मालकामागे लपतंय का ते बघा, आणि ट्रेनरला सरळ विचारा, "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" "काही नाही, पुढच्या वेळी सोपं करून देतो" असं उत्तर आलं तर तिथेच नाव नोंदवा.