पार्श्वभूमी : 'हायवे सुरू हाय का?'

कोल्हापुरात जुलै लागला की रोज सकाळी फोनवर एक मेसेज फिरतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणीपातळी इतके फूट इतके इंच, पाण्याखाली गेलेले बंधारे इतके. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की त्या आकड्यामागून प्रश्न येतो तो ठरलेला : "हायवे सुरू हाय का?" त्याचं उत्तर रस्ता बांधणाऱ्यानं द्यायचं असतं, ही कल्पना मात्र आपल्याकडे अगदी अलीकडची.

आधी रस्त्याकडून मिळणारी माहिती म्हणजे कडेचा दगड. पिवळ्या टोपीचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या टोपीचा राज्य महामार्गाचा, पुढचं गाव इतके किलोमीटर, संपलं. बाकीचं एसटीचा ड्रायव्हर सांगायचा, ढाबेवाला सांगायचा, समोरून येणारा ट्रकवाला दिवे मारून कळवायचा. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आपल्या पुणे-बंगळूर महामार्गाच्या ४ चा ४८ झाला. दगड रंगवून झाले. माणसं अजून 'एनएच फोर'च म्हणतात, नाहीतर नुसतं 'पुना-बेंगलोर'.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा कायदा १९८८ चा, प्रत्यक्ष काम सुरू झालं १९९५ मध्ये. नेमून दिलेलं काम म्हणजे रस्ते बांधणं आणि सांभाळणं. प्रवाशाशी बोलणं त्यात कुठं फारसं नव्हतं. त्यातून आपल्या भागाची गंमत अशी, की सुवर्ण चतुष्कोणाचाच हा रस्ता असला तरी सातारा ते कागल हा टप्पा चौपदरी केला राज्याच्या रस्ते विकास महामंडळानं. म्हणजे पुण्याहून निघालेला माणूस साताऱ्यापर्यंत एकाच्या रस्त्यावर, तिथून कागलपर्यंत दुसऱ्याच्या, आणि पुढं कोगनोळीला राज्यच बदललेलं. गाडी बंद पडल्यावर तक्रार कुणाकडे करायची, हे कळायला आधी ती कुठं बंद पडली ते बघायचं. तासवडे आणि किणी हे या टप्प्यावरचे टोलनाके महामंडळाकडून प्राधिकरणाकडे आले ते २०२२ मध्ये.

माझ्या मते प्रवाशाचा 'ग्राहक' झाला तो टोलमुळे. पैसे मोजले की माणूस हिशोब मागतो, आणि कोल्हापूरचा माणूस तर जरा जास्तच मागतो. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यामागं अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं, आणि २०१५ च्या डिसेंबरात तो टोल रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. हे महामार्गाचं प्रकरण नव्हे, हे खरं. पण 'पैसे दिलेत तर विचारणार' हा बाणा इथून निघालेली गाडी किणी नाक्यावरही बरोबर नेते.

अमेरिकेत रस्त्याच्या माहितीसाठी ५११ हा नंबर २००० मध्येच राखून ठेवला होता. आपल्याकडे महामार्गाचा हेल्पलाइन नंबर १०३३ आला २०१८ मध्ये : चोवीस तास, फुकट; अपघात झाला, गाडी अडली, रुग्णवाहिका किंवा क्रेन हवी तर. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच वर्षी नियम निघाला, की नाक्यावर एका गाडीला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, आणि रांग शंभर मीटरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे गेली तर पुढच्या गाड्या टोल न घेता सोडाव्यात. ही सवलत २०२४ मध्ये काढून घेतली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राजमार्गयात्रा हे ॲप आलं. खड्ड्याचा फोटो काढून पाठवायचा, फोटोसोबत जागाही आपोआप जाते.

ही जागा आपोआप जाण्याची सोय दिसते त्यापेक्षा मोठी आहे. हेल्पलाइनला फोन केला की पलीकडून विचारतात, "किलोमीटर किती?" आणि आपला माणूस सांगतो, "वाठारच्या पुढं, उसाची ट्रॉली पालथी झाल्या तिथं." दोघंही बरोबर असतात, आणि क्रेन मात्र निघत नाही. रस्ता मोजणारा किलोमीटरमध्ये बोलतो; रस्त्यावरचा माणूस तावडे हॉटेल, सांगली फाटा, पेठ नाका, लक्ष्मी टेकडी यात बोलतो.

या सगळ्या सोयी आखल्या त्या टोल, अपघात आणि खड्डे डोळ्यांसमोर ठेवून. इथलं दुखणं पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पाणी त्याहून वर चढलं आणि रस्ता पुन्हा बंद. महामार्गाचा भरावच पाणी अडवतो, तो काढून तिथं खांबांवरचा पूल करा, ही पूरपट्ट्यातल्या गावांची मागणी त्यानंतर जोरात आली. तो विषय स्वतंत्र लिहिण्यासारखा आहे. प्रवाशाच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न साधा होता. शिरोलीत पाणी आलंय, हे पुण्यातून निघालेल्या ट्रकवाल्याला साताऱ्यातच कळलं, तर तो तिथंच थांबतो. किणीच्या पुढं येऊन कळलं, तर रांगेत अडकतो. मागं गाड्या, पुढं पाणी.

पातळी इंचाइंचानं मोजली जाते आणि तासाभरात गावभर होते, पण ती जिल्हा प्रशासनाकडून. रस्ता बंद करतात पोलीस. रस्ता प्राधिकरणाचा. तिघांकडची माहिती वाटेवरच्या एकाच फलकावर, वेळेत, मराठीत आणि कन्नडमध्ये दिसली, तर निम्मी रांग लागणारच नाही. राजमार्गयात्रा सुरू झालं तेव्हा होतं हिंदी आणि इंग्रजीत.

माझ्या फोनमध्ये १०३३ आहे, ॲपही आहे. जुलैत पुण्याहून निघताना मात्र मी आधी शिरोलीच्या पाहुण्यांना फोन लावतो. ते गच्चीवर जाऊन बघतात आणि सांगतात, "सर्व्हिस रोडला लागलंय. जेवून निघ, पण रात करू नकोस."