पूर्वज घोडदळात होते आणि व्यापारीही? मराठवाड्यातल्यांनी जुने कागद कुठं आणि कसे मागायचे

आपल्याकडं बऱ्याच घरांत सांगतात की खापरपणजोबा घोडदळात होते आणि जालन्यात नाहीतर हिंगोलीत त्यांचं दुकानही होतं, मग पोरं विचारतात दोन्ही एकदम कसं. होऊ शकतं की, शिलेदार म्हणजे घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, म्हणजे गाठीला पैसा असलेला माणूस (बारगिराला घोडा दुसऱ्याचा मिळायचा), आणि छावणी आली की दाणावैरण, कापड, उधारी सगळा बाजार तिच्या मागं यायचा.

अर्ज लिहायच्या आधी एवढं ठरवा की पगार कोण देत होतं, कारण ज्याचा पगार त्याच्याच दप्तरात नाव. घरात खर्ड्याची लढाई, म्हणजे १७९५, असं काही सांगत असतील आणि माणूस मराठ्यांच्या बाजूचा असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर, तिथं कागद मोडीत. निजामाच्या स्वतःच्या फौजेत असेल तर हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार, तिथं फारसी आणि उर्दू. आणि अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, हिंगोली, जालना, औरंगाबाद या छावण्यांचं नाव निघत असेल तर बहुतेक हैदराबाद कंटिंजंट (निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेलं सैन्य), ते १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळलं आणि त्याचे काही रिसाले पुढं डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या पलटणीत गेले. हैदराबाद रेसिडेन्सीचे, म्हणजे तिथल्या इंग्रज वकिलाच्या कचेरीचे, कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, अभिलेख पटल या पोर्टलवर फुकट नोंदणी करून घरबसल्या शोधता येतं. पहिल्या महायुद्धात कोणी कामी आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकून बघा, आणि घरात पदक असेल तर त्याची कड भिंगानं नीट बघा, नंबर, नाव, पलटण तिथं कोरलेलं असतं, पॉलिश करून घासू नका प्लीज.

पण मी म्हणेन हैदराबाद-दिल्लीच्या आधी तहसीलला जा. तिथल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा, त्यात गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर, पूर्वजाचं नाव आणि साल लिहायचं, कोर्ट फी स्टॅम्प आणि आधारची झेरॉक्स लावायची, सोबत स्वतः लिहिलेली वंशावळ जोडली तर शोधणाऱ्याला सोपं जातं. मागायचं काय तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, सेतवार (हे तिन्ही जमीन कुणाच्या नावावर होती ते दाखवणारे जुने कागद), जुने फेरफार, आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची नोंद. चाकरीबद्दल इनाम जमीन मिळाली असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, मागा, हा कागद सापडला तर लई मोठं काम होतं, कारण इनाम कुणाला आणि कशासाठी दिलं ते त्यात असतं.

साल फसली, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल, असेल तर गडबड होते. हैदराबाद संस्थानाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरची तारीख असेल तर फसलीत ५९० मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची, म्हणजे फसली १३५७. अर्जात दोन्ही सालं लिहा.

नकलेच्या अर्जाला उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकार. पात्रता एवढीच की तुम्ही भारताचे नागरिक पाहिजे, कारण सांगायची गरज नाही, जोडपत्र अ भरून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी माफ, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. अर्जात "माझ्या घराण्याची सगळी माहिती द्या" असं लिहू नका, नेमका कागद, गाव आणि साल मागा.

व्यापाराची बाजू सरकारी दप्तरात कमीच सापडते, ती घरातच. रोजमेळ, खातेवही, गहाणखतं, हुंड्या माळ्यावर असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका, वाळवी लागलेली असली तरी पानं सुटी न करता फोटो काढून ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पंढरपूर, त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाच्या उपाध्यायांकडं वहीत पिढ्यांची नावं असतात, दक्षिणेकडच्या तालुक्यांत हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, येत असतील तर त्यांनाही विचारा. ही नावं लिहून आणा आणि मगच तहसीलचा अर्ज भरा, कारण कागदात तुमच्या आडनावाऐवजी नुसतं "अमुक वलद तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असंच लिहिलेलं सापडतं.