'च' ऐकू येईपर्यंत

लातूरच्या समुपदेशन प्रशिक्षणात आम्हाला तिघातिघांत बसवायचे. एक जण अडचण सांगणार, एक समुपदेशक, तिसरा नुसता बघणार. माझा जोडीदार झाला अहमदपूरहून आलेला, मेडिकलची 'नीट' परीक्षा पुन्हा देणारा एक पोरगा. "सर, झोप येईना गेलीय. गावाकडं जाऊच वाटंना." मी लगेच सुरू : टेन्शन घेऊ नको, सकाळी फिरायला जा, मोबाइल लांब ठेव. बघणाऱ्या बाईंनी वही पुढे केली. पहिल्याच मिनिटात तीन सल्ले!

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या सुमारास अमेरिकेत समुपदेशनाच्या बैठकी चक्क तबकड्यांवर मुद्रित केल्या. तोवर त्या खोलीत काय घडलं, हे बहुतेक उपचारकाच्या आठवणीवरच चालायचं. १९५७च्या लेखात त्यांनी समुपदेशकाकडून हवं ते सांगितलं : समोरच्याच्या जागेवरून बघणं, त्याला विनाअट स्वीकारणं आणि खरेपणा.

करायचं कसं? ऐकलेलं आपल्या शब्दांत परत द्यायचं. "गावात सगळे विचारतील, याची भीती वाटते?" अंदाज चुकला तरी बिघडत नाही. "भीती नाही सर, लाज. बापानं रान गहाण टाकलंय." ही दुरुस्ती लाखमोलाची. नुसती पोपटपंची मात्र १९६६ साली 'एलायझा' नावाचा संगणक-प्रोग्रामही करत होता.

दुसरे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांची १९५५पासूनची वाट वेगळी. त्यांच्या मते त्रास नुसत्या घटनेतून होत नाही. घटनेबद्दलच्या हट्टी समजुतीतून होतो. मराठीत ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. मला तर वाटतं, ती मराठीतच जास्त कळते, कारण हट्टासाठी आपल्याकडे एक अख्खं अक्षर आहे. 'नंबर लागावा' ही इच्छा. 'नंबर लागलाच पाहिजे' ही मागणी. झोप उडते ती त्या 'च'पायी.

पण पहिल्याच भेटीत 'च' पकडला, तर पोराला एवढंच ऐकू येतं : इथंही माझंच चुकलं. म्हणून आधी रॉजर्स, मग एलिस. (हा क्रम माझा, एलिसना तो पटला नसता.)

एक गोष्ट मात्र आडवळणानं नाही, थेट विचारायची : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना सोबत घ्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही आहे. पहिल्यांदा हा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली. बाईंनी तो त्या दुपारी माझ्याकडून पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हणवून घेतला.