झाकण फिरत असताना

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर उभं धरून गिरकी दिली की ते आधी गोल फिरतं, मग कलतं, आणि आडवं होता होता त्याचा आवाज बारीक आणि जलद होत जातो. माझा भाचा तीन वर्षांचा असताना गाल फरशीला टेकवून तासन्‌तास हेच बघायचा. बहीण शेजारी बसून विचारायची, "हे काय आहे? राजा, इकडे बघ ना. झा-कण. म्हण!" तो वळायचा नाही. तिने आवाज चढवला की झाकण घेऊन पलंगाखाली जायचा.

त्याला ऑटिझम आहे हे कळायला आणखी एक वर्ष गेलं. "मुलगे उशिराच बोलतात," असं घरचे सांगत होते, आणि एक डॉक्टरही.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ झालाय, पण मला तो पटत नाही. भाच्याकडे बघताना मला तर नेहमी वाटतं, की बाहेरचं जगच त्याच्या अंगावर फार जोरात येतंय. मिक्सर, कुकरची शिट्टी, शर्टाच्या मानेशी टोचणारं लेबल. एकच आवाज पुन्हा पुन्हा आला की आपला मेंदू त्याची दखल घेणं कमी करतो. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूत हे सरावणं हळू होतं, त्यामुळे पाचवी शिट्टीही पहिलीइतकीच दचकवू शकते. संवेदनांमधला हा फरक २०१३पासून अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानाच्या निकषांतही आहे. झाकण मात्र दर वेळी ठरल्यासारखंच वागतं. त्यात त्याला काय मिळत असेल, ते मला यातून कळलं.

म्हणून आता घरात मिक्सर लावण्याआधी बहीण त्याला भांडं दाखवते, "एक, दोन, तीन" म्हणते आणि मगच बटण दाबते. तो कानावर हात ठेवून उभा राहतो, पण पळत नाही. आवाज तेवढाच असतो, फक्त तो कधी येणार हे त्याला आधी कळलेलं असतं.

बोलण्याचं कोडं याहून अवघड होतं. इथे गोव्याचं एक काम सांगायलाच हवं. मुळात ब्रिटनमध्ये १५२ लहान मुलांवर एक पद्धत तपासली गेली होती. तिचे निष्कर्ष २०१०मध्ये आले. थेरपिस्टने मुलाला शिकवायच्या ऐवजी आई किंवा बाबा मुलाशी दहाएक मिनिटं खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात आणि मग थेरपिस्टबरोबर बसून तो बघतात. मुलाने कुठे काही सांगायचा प्रयत्न केला? आपल्याला तो दिसला का? सुरुवातीला मुलांच्या लक्षणांत फारसा फरक दिसला नाही, पालकांचा प्रतिसाद मात्र पुष्कळ बदलला. पुढे जवळपास सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा लक्षणांची तीव्रताही कमी आढळली.

आपल्याकडे एवढे थेरपिस्ट आणायचे कुठून? गोव्यातल्या संगाथ संस्थेच्या आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी हेच काम तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून करून घेतलं. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. त्यांतल्या निम्म्या घरांना सहा महिन्यांत बारा सत्रं मिळाली. त्या घरांतले पालक मुलाच्या लयीत बोलायला लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. एकत्र एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र थोडा घटला. तेही त्यांनी २०१६च्या निष्कर्षांत स्पष्ट मांडलं आहे.

बहिणीनेही हेच करून पाहिलं. पहिला व्हिडिओ काढला तो फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून. बघताना ती रडली. तिचा जवळजवळ प्रत्येक शब्द एकतर प्रश्न होता नाहीतर हुकूम. मधे एकदा, अर्धा सेकंद असेल, त्याने झाकण पडल्यावर तिच्याकडे पाहिलं होतं. ती तेव्हा पुढचा प्रश्न विचारत होती.

आईच्या कोरडेपणामुळे मूल ऑटिस्टिक होतं, ही समजूत १९४३मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचं वर्णन केल्यानंतर काही दशकं चालली आणि तिने असंख्य बायकांचा जीव जाळला. ती साफ चुकीची होती. आनुवंशिकतेचा मोठा वाटा १९७७पासून जुळ्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. बहिणीला हे मी तेव्हा सांगितलं, कारण व्हिडिओ बघून तिला नेमकं तेच वाटत होतं.

आणखी एक. "घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो," असा सल्ला तिला मिळाला होता. तो तिने वर्षभर पाळला, आणि आजी नातवाशी बोलेनाशी झाली. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलाची भाषा आणखी मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. चित्र दाखवून हवं ते सांगायच्या कार्डांचंही तसंच. कार्डं दिली म्हणून बोलणं थांबत नाही.

मग एके दिवशी बहीण दुसरं झाकण घेऊन त्याच्याशेजारी फरशीवर आडवी झाली. तिने ते फिरवलं. काही विचारलं नाही. पडलं तेव्हा फक्त "खणण्..." म्हणाली आणि थांबली. मनात पाच आकडे मोजले. ते पाच आकडे फार लांब असतात. त्याने आपलं झाकण उचललं नाही. तिचं उचलून तिच्या हातात दिलं.