मूल घडवायचं कुणी? घर आणि शाळेतल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

मुलं बिघडली की पालक शाळेकडे बोट दाखवतात आणि शिक्षक घराकडे. हे आजचं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या क्विंटिलियनपुढे हाच प्रश्न होता : मुलाला घरीच शिक्षक लावावा की शाळेत पाठवावं? शाळेत वाईट संगत लागते, असा तेव्हाही आक्षेप होताच. क्विंटिलियनने उलट पालकांनाच धारेवर धरलं. मुलाच्या वाह्यात बोलण्याला घरचे हसून दाद देतात, मेजवान्यांत नको ते त्याच्या डोळ्यांदेखत चालतं. ही वळणं मुलं शाळेतून उचलत नाहीत, शाळेत घेऊन येतात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः शिक्षक, त्यामुळे कल उघड होता. पण निरीक्षण खोटं म्हणता येत नाही. १६९३ मध्ये इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञाने नेमकी दुसरी बाजू घेतली : खर्च झाला तरी चालेल, पण शिक्षक घरीच ठेवा.

अर्थात हा वाद ऐपतदारांचा. बाकीची मुलं शेतात, मागावर, भट्टीपाशी मोठ्यांच्या हाताखाली शिकत. युरोपात कारागिराकडे उमेदवारी करणारा मुलगा बहुधा त्याच्याच घरी राहायचा, जेवायचा. मालकच शिक्षक आणि मालकच पालक. कसब वेगळं आणि वागणूक वेगळी शिकवायचा प्रश्नच नव्हता.

ही घडी सक्तीच्या शिक्षणाने मोडली. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात राजा फ्रेडरिक दुसऱ्याने १७६३ मध्ये मुलांना शाळेत पाठवणं बंधनकारक केलं, पण अंमलबजावणी बराच काळ ढिलीच राहिली. खरी पंचाईत फ्रान्समध्ये झाली. १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि सरकारी शाळांत धर्मशिक्षणाच्या जागी नीती आणि नागरिकशास्त्र आलं. पण नीती कुणाची? शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांनी १८८३ मध्ये शिक्षकांना पत्र लिहून कसोटी दिली : वर्गात काही सांगण्यापूर्वी विचार करा, ते ऐकून एखादा तरी प्रामाणिक बाप दुखावेल का? दुखावणार असेल, तर बोलू नका. सल्ला शहाणपणाचा, तितकाच सोयीचा. एखाद्या बापाला मुलीने शिकणंच मान्य नसेल, तर शिक्षकाने गप्प बसायचं का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातही हा पेच सुटलेला नाही. त्याच्या २६ व्या कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचं असावं असं म्हटलंय, आणि मुलाला कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा पहिला हक्क पालकांचा, हेही त्याच कलमात.

घराचा वाटा किती आणि शाळेचा किती, याचं मोजमाप सुरू झालं ते त्यानंतर. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. १९६६ च्या त्यांच्या अहवालाने खळबळ उडवली, कारण मुलांच्या प्रगतीतला फरक शाळेच्या इमारती आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळत होता. ‘शाळेने काही होत नाही’ असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला, तो घाईचा होता. शाळेतल्या गोष्टींमध्ये शिक्षकाच्या दर्जाचा परिणाम साधनांपेक्षा जास्त दिसत होता, आणि वंचित गटांतल्या मुलांवर तो अधिक होता, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय मोजलं होतं ते मुख्यतः चाचण्यांमधलं यश. मूल्यं त्या फूटपट्टीत बसत नव्हती.

त्या बाजूने अधिक सांगणारा अभ्यास हवाई बेटांतल्या कवाईचा. १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धडधाकट, जबाबदार माणसं झाली. काहींचा मूळ स्वभावच उपयोगी पडला. काहींना आजी-आजोबांचा किंवा मोठ्या भावंडांचा आधार मिळाला. घराबाहेरच्या माणसांत त्यांनी वारंवार नाव घेतलं ते एखाद्या आवडत्या शिक्षकाचं. आणि तो त्यांना नुसता विषय शिकवणारा म्हणून नव्हे, मनातलं सांगता येईल असा मोठा माणूस म्हणून आठवत होता.