इंडोनेशियाच्या निकेल-खनिज निर्यातबंदीची पार्श्वभूमी

निकेल घालून पोलाद चिवट करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तेव्हा धातू मुख्यतः न्यू कॅलेडोनिया आणि कॅनडातल्या सडबरीहून येई. सडबरीचा साठा १८८३ मध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना उघडा पडला. पुढची कित्येक दशके तिथल्यासारख्या सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त खनिजाचाच वरचष्मा राहिला.

निकेलचे दुसरे खनिज लॅटेराइट, म्हणजे खडक झिजून बनलेली निकेलयुक्त माती. ते मागे पडले ते त्याच्या घडणीमुळे. पेरिडोटाइट खडकात मुळात पाव टक्क्याच्या आसपास निकेल असते. उष्ण, पावसाळी प्रदेशात हा खडक झिजून भुसभुशीत होतो, मॅग्नेशियम वाहून जाते आणि निकेल खाली झिरपते. वर तांबूस लिमोनाइट, त्याखाली हिरवट सॅप्रोलाइट. या खालच्या थरात निकेल दोन टक्क्यांपर्यंत जाते. खनिज इतके ओले असते की आधी भट्टीत वाळवावे लागते, मग वितळवायला प्रचंड वीज. चीनने २००५ नंतर याच खनिजापासून थेट निकेल पिग आयर्न, म्हणजे निकेल असलेले कच्चे लोखंड, काढले आणि स्टेनलेस स्टीलला शुद्ध निकेलची तितकी गरज उरली नाही.

असे खनिज पुरवणाऱ्या इंडोनेशियाचा निर्णय इथून समजून घ्यावा लागतो. २००९ च्या खाणकायद्याने खनिज देशातच प्रक्रिया करण्याची अट घातली. कच्च्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी २०१४ मध्ये आली, २०१७ मध्ये १.७ टक्क्यांहून कमी निकेल असलेल्या खनिजासाठी सैल झाली आणि ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधी, १ जानेवारी २०२० पासून, पूर्ण लागू झाली. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये संघटनेचा निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला, पण तिथली अपील ऐकणारी यंत्रणाच ठप्प असल्याने प्रकरण लटकले. आपल्या मातीतली किंमत आपल्याकडे ठेवण्याचा हक्क कोणत्याही देशाला असायलाच हवा. पण या उद्योगाच्या भट्ट्या मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालतात, भांडवल बहुतांशी चिनी आहे आणि खाणी असलेल्या सुलावेसी बेटाच्या उघड्या झालेल्या टेकड्यांचा गाळ पावसाळ्यात थेट समुद्रात उतरतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे नुकसान या वादात फारच कमी मोजले गेले.

आज जगातले निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियाच्या खाणींतून निघते. भाव कोसळले, २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियातल्या मोठ्या प्रकल्पांचे काम थांबले. चांगल्या प्रतीचे सॅप्रोलाइट मात्र झपाट्याने संपत चालले आहे आणि इंडोनेशियातले काही कारखाने आता फिलिपिन्सहून खनिज आयात करतात.