डब्लिनच्या तारांवरचा भार

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एन्व्हिडियाची एच-100 चिप पूर्ण जोरात चालली की सुमारे 700 वॅट वीज घेते. घरातले नऊ पंखे एकदम लावावेत, तेवढी. अशा 8 चिप एका पेटीत बसवल्या की सगळं धरून ती पेटी 10 किलोवॅटपर्यंत जाते. म्हणजे दहा इस्त्र्या, रात्रंदिवस तापलेल्या. डेटा सेंटरमध्ये अशा पेट्यांच्या रांगाच्या रांगा असतात. चिपमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ती सतत काढून टाकली नाही, तर यंत्रं काही मिनिटांतच बंद पडतील.

म्हणूनच कंपन्यांना आयर्लंड आवडलं. राजधानी डब्लिनमध्ये ऐन उन्हाळ्यातही दुपारचा पारा सहसा 20 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे वर्षातला बराच काळ बाहेरची हवा आत घेऊनच यंत्रं थंड ठेवता येतात. शिवाय कंपनी कर कमी आणि समुद्राखालच्या केबलही हाताशी. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये तिथे मोठं केंद्र उघडलं. गूगल आणि अ‍ॅमेझॉनचीही केंद्रं उभी राहिली.

2015 मध्ये देशात मीटरवर मोजल्या गेलेल्या विजेपैकी 5 टक्के डेटा सेंटरांकडे जात होती. 2023 मध्ये हा वाटा 21 टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी देशातल्या सगळ्या शहरी घरांनी मिळून वापरली 18 टक्के. हे आकडे मी दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

कंपन्या म्हणतात, आम्ही वापरतो तेवढी हरित वीज विकत घेतो. वर्षभराच्या हिशेबात ते जुळतंही. पण वीज गोदामातल्या धान्यासारखी नाही. ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी पुरवठा लागतो. बॅटऱ्या थोडा वेळ सांभाळतात, वारा पडलेला अख्खा आठवडा नाही. त्यात आयर्लंडचा जोरकस वारा पश्चिमेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, तर डेटा सेंटरं बहुतेक पूर्वेला, डब्लिनभोवती. मधल्या वाहिन्यांची क्षमता मर्यादित. वारा पडला की गॅसची केंद्रं पेटवावी लागतात. करार कागदावर कितीही हिरवा असला, तरी त्या संध्याकाळी डब्लिनच्या उपकेंद्रावर येणारा भार तेवढाच राहतो, आणि तो त्याच परिसरातल्या घरांबरोबर वाटून घ्यावा लागतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

ग्रिड चालवणाऱ्या एअरग्रिड या सरकारी कंपनीने 2028 पर्यंत डब्लिन भागात नव्या डेटा सेंटरांना जोडणी देणं जवळपास थांबवलं. तेव्हा काहींनी थेट गॅसची जोडणी मागितली, म्हणजे आवारातच वीज तयार करायची. 2024 मध्ये दक्षिण डब्लिनच्या कौन्सिलने गूगलच्या नव्या केंद्राला परवानगी नाकारली. ग्रिडमध्ये पुरेशी क्षमता नाही, हे त्यामागचं एक कारण होतं.

त्याच भागात टॅला इथे एक चांगला प्रयोगही झालाय. अ‍ॅमेझॉनच्या केंद्रातली कोमट उष्णता पाण्यात घेतात, हीट पंपाने तिचं तापमान वाढवतात आणि 2023 पासून त्यावर कौन्सिलच्या इमारती आणि विद्यापीठाचा परिसर उबदार ठेवतात. थंड गावात टाकाऊ उष्णतेलाही गिऱ्हाईक मिळतं.

आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरं वाढताहेत. तिथे मे महिन्यात ही ऊब कोणाला हवी असणार? उलट, बाहेरची दमट, गरम हवा आत घेऊन भागत नाही. थंडाव्यासाठी यंत्रं चालवावी लागतात आणि त्यांना आणखी वीज लागते. आयर्लंडमध्ये निदान आकडे समोर ठेवून भांडता येतं, कारण तिथलं सांख्यिकी कार्यालय डेटा सेंटरांचा वीजवापर दरवर्षी जाहीर करतं. नवी मुंबईचा असा हिशेब, वीज आणि पाणी दोन्हींचा, केंद्रागणिक आणि दरवर्षी, तिथे राहणाऱ्यांच्या हातात पडायला हवा. नव्या केंद्राचं भूमिपूजन होण्याआधी.